आधी पडायला शिकवा

काही महिन्यांपूर्वी आमच्या शहरातल्या एका सभागृहात 'बाप' या विषयावरचे व्याख्यान ऐकण्याचा योग आला. हल्ली हा विषय फार चालतो. गणेशोत्सव असो, जयंती असो की महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन असो, 'बाप' सांगणारा वक्ता मिळाला की संयोजक निर्धास्त होतात. वक्त्याने ठरलेला बाप उभा केला. फाटका बनियन, झिजलेली चप्पल, मुलीच्या लग्नात मांडवामागे जाऊन पुसलेले डोळे. आई रडून मोकळी होते, बाप रडत नाही, तो आतल्या आत जळतो आणि म्हणूनच तो थोर, असा एकंदर सूर. सभागृहात रुमाल निघाले. शेवटी पालकांना उपदेश झाला. हल्लीची मुले नाजूक झाली आहेत, जराशा धक्क्याने कोसळतात; त्यांना लहानपणीच कराटेला घाला, कुस्तीला घाला, अंगाबरोबर मनही दगडाचे होऊ द्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

मी टाळी वाजवली नाही. शेजारी माझा मुलगा बसला होता. तो चार वर्षांपासून जूदो शिकतो. माझ्या कानाशी लागून तो म्हणाला, "बाबा, यांना पडता येत नसेल."

त्या वाक्याचा अर्थ वाचकांच्या ध्यानात यावा म्हणून हा लेख लिहितो आहे. त्या वक्त्याशी माझे वैर नाही. त्याने जे सांगितले ते त्याच्या एकट्याचे नाही, आपल्या सर्वांचे आहे. त्यात दोन समजुती एकत्र मिसळल्या आहेत. पहिली अशी की, चांगला बाप आपले दुःख मुलांना दिसू देत नाही. दुसरी अशी की, युद्धकला मनाला दगड बनवते. माझ्या मते पहिली समजूत मुलांवर अन्याय करणारी आहे आणि दुसरी युद्धकलांची बदनामी करणारी. ज्यांनी आखाड्यात किंवा चटईवर एक महिनाही घालवला आहे, ते दगडाची उपमा वापरणार नाहीत. दगड पडला की फुटतो किंवा ज्यावर पडतो त्याला फोडतो. त्याला तिसरा मार्ग ठाऊक नसतो.

आधी आम्हा मराठीच्या अध्यापकांचा गुन्हा कबूल करतो. हा न रडणारा बाप व्याख्यात्यांनी घडवला असला तरी त्याला लागणारा कच्चा माल आम्हीच पुरवला. वर्षानुवर्षे आम्ही वर्गात शोक शिकवला तो आईचा. गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' शिकवताना आमचा गळा दाटून येतो. मूल गेले हे न मानणारी ती माता आम्ही पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली. 'श्यामची आई' (१९३५) शिकवताना आईवर तासन्‌तास बोललो, कर्जात बुडालेल्या, मानी आणि असहाय भाऊंवर मात्र एखाद्या वाक्यात उरकते घेतले. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला बाप आला तो मुलाच्या शिक्षणाच्या आड उभा राहणारा म्हणून. झोंबी हा शब्द मुळात अंगाशी अंग भिडण्याचा. बाप आणि मुलगा यांच्यात आम्हाला तेवढीच एक जवळीक शिकवता आली. आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एका विलापिकेचे नावच 'बापाचे अश्रू' आहे, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? टिळक १९१९ साली गेले. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी मराठी कवितेत बाप उघड रडला होता, शीर्षकात रडला होता. आम्ही ते पान उलटून पुढे गेलो.

महाभारताचेही तेच केले. अभिमन्यूची कथा लहान मुलांना शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. ती मला नेहमीच शिक्षणकथा वाटत आली आहे, आणि तीही एका फसलेल्या शिक्षणाची. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या मुलाला मिळाली, बाहेर पडण्याची मिळाली नाही. मुलांना कणखर करायला निघालेले आपण सारे नेमके हेच करतो. मूल गेल्यावर अर्जुन काय करतो? सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारण्याची प्रतिज्ञा. शोकाला क्रोधाखेरीज दुसरा आकार देणे त्याला जमत नाही. दुसरीकडे द्रोण. आयुष्यभर शस्त्रविद्या शिकवलेला हा गुरू, अश्वत्थामा गेला असे ऐकताच भर रणात शस्त्र खाली ठेवतो आणि मारला जातो. राजपुत्रांच्या एका अख्ख्या पिढीला घाव घालायला शिकवणाऱ्याला स्वतःवर पडलेला घाव कसा झेलावा हे ठाऊक नव्हते. एकाचा शोक सूड झाला, दुसऱ्याचा आत्मनाश. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बापाने उभे राहायचे असते. ती जागा कोणती, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न माझ्यापुढे पुस्तकातून आला नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी गेली. नऊ दिवस ती रुग्णालयात होती. तिला घरी आणता आले नाही. अंत्यविधीला आम्ही चौघे होतो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची; दोघे आजी-आजोबांजवळ घरी. दारात माणसे नाहीत, गळ्यात पडायला कोणी नाही, दहाव्याला कावळ्याची वाट पाहायला मी आणि माझा भाऊ. त्या दिवसांत या शहरातल्या, या देशातल्या असंख्य घरांत हेच घडले, म्हणून त्याचे भांडवल करत नाही. मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे.

मुलीला कोणीतरी मायेने सांगितले, आई झोपली आहे. त्या रात्रीपासून पोरीने झोपायला नकार दिला. डोळे मिटू लागले की दचकून उठायची. 'राजहंस' वर्गात अनेक वर्षे शिकवलेल्या मला, निजणे आणि मरणे यांची ती काव्यमय सरमिसळ चार वर्षांच्या मुलाच्या मनात काय करते, हे पहिल्यांदा कळले. एवढ्या वयाच्या मुलांना मरण हे परतीचे वाटते. गेलेले माणूस परत येत नाही, हे साधारणपणे पाच ते सात या वयात हळूहळू उमजते, असे बालमानसशास्त्र सांगते. त्या वयाला रूपक नको असते, साधे वाक्य हवे असते. आई मेली आहे. तिचे शरीर आता चालत नाही. ती परत येणार नाही. मी आहे. ही चार वाक्ये बोलायला मला तीन आठवडे लागले.

मुलाची गोष्ट वेगळी. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्याला दारातच जवळ घेतले आणि सांगितले, "रडायचं नाही. तू वाघ आहेस. बहिणीकडे बघायचं." तो रडला नाही. आठ महिने रडला नाही. फोनवर भेटणारा प्रत्येक नातेवाईक म्हणाला, केवढा समजूतदार आहे! मलाही अभिमान वाटला, हे लपवत नाही. मीसुद्धा त्याच्यासमोर रडत नव्हतो. न्हाणीघरात नळ सोडून रडत होतो. व्याख्यात्याच्या मांडवामागचा बाप तो मीच. मग मुलगा बहिणीला मारू लागला. कारण लागत नसे. भिंतीवर डोके आपटू लागला. अर्जुनाची प्रतिज्ञा माझ्या घरात सहा वर्षांच्या देहात उभी होती, आणि जयद्रथ सापडत नव्हता म्हणून ती चार वर्षांच्या पोरीवर कोसळत होती.

तेव्हा मी त्याला गारखेड्याच्या बाजूला एका जूदोच्या वर्गात घातले. हेतू तोच, जो त्या वक्त्याचा होता. शिस्त लागेल, अंगातली रग जिरेल, मन घट्ट होईल. म्हणजे हा लेख ज्यांच्याविरुद्ध आहे त्यांत मी स्वतः पहिला आहे.

पहिल्या दिवशी सरांनी मुलाला पाठीवर पडायला सांगितले. दुसऱ्या दिवशीही. महिना उलटला तरी पडणेच चालू होते. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके चटईला लागत नाही. पाठ गोल करायची. पडता पडता हात पसरून चटईवर सपकन आपटायचा, म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. मागे पडणे, डावीकडे, उजवीकडे, पुढे कोलांटी घेऊन पडणे. जपानी भाषेत याला उकेमी म्हणतात. मी अधीर होऊन विचारले, "सर, डाव कधी?" ते म्हणाले, "ज्याला पडता येत नाही, त्याला मी पाडू कसा? आणि ज्याला पडायची भीती आहे, तो दुसऱ्याला धरतो तेव्हा जीव घेतल्यासारखा धरतो."

माझ्या मुलाच्या रागाचे याहून नेमके निदान कोणी केले नव्हते.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान स्थापून जूदोला आकार दिला. त्या नावातल्या 'जू'चा अर्थच मृदू, लवचीक असा आहे. ज्या विद्येने नावातच मृदुत्व मिरवले, तिला आपण दगड घडवण्याचा कारखाना समजतो. शिवाय चटईवर आणखी एक नियम आहे. पकड असह्य झाली की हाताने दोनदा थाप मारायची. थाप पडली की समोरच्याने त्या क्षणी सोडलेच पाहिजे. तो कितीही वरच्या पट्ट्याचा असो. थाप मारणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. उलट जो थाप मारत नाही त्याला सर रागावतात, कारण त्याचा हात मोडला तर वर्ग बंद पडेल. 'पुरे' म्हणण्याचा असा निःशंक हक्क आपल्या किती घरांत मुलांना आहे? आणि किती घरांत बापांना आहे?

कोणी म्हणेल, हे जपानी कौतुक झाले. आपली तालीम वेगळी. मलाही तसेच वाटले होते. एका संध्याकाळी मुलगा गादीवर पडून दाखवत होता आणि अण्णा खुर्चीत बसून बघत होते. ते तरुणपणी गंगापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या तालमीत घुमलेले. ते एकदम म्हणाले, "हे तर आमचंच आहे. आम्हाला वस्तादानं पहिले दोन महिने माती उकरायला लावली होती." मग त्यांनी सांगितले. हौद्यातली लाल माती, तीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर. ती पायांखाली रोज घट्ट होते, म्हणून रोज फावड्याने उकरून भुसभुशीत करायची. ज्या पोराला उद्या पडायचे आहे त्यानेच आज माती मऊ करायची. नवख्याची जोड त्याच्या तोलाच्या पोराशीच लावायची. आणि वस्ताद स्वतः पोरांना खेळवायचा, म्हणजे काय करायचा? त्यांच्या हाताखाली पडायचा. शंभर किलोचा तो माणूस दहा वर्षांच्या पोराचा पट लागला की खरोखर आडवा व्हायचा, पोराला आपल्या अंगावरून जाऊ द्यायचा. अण्णा थांबले. थोड्या वेळाने म्हणाले, "त्या दिवशी मी पोराला चुकीचं सांगितलं."

त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाचे हे वाक्य मी कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे मानतो.

तालमीचे देव्हारे माजवायचे नाहीत. तिथे छडी होती, शिवी होती, जात होती, आणि मुलींना तर कालपरवापर्यंत उंबरा नव्हता. पण तिच्या शिक्षणपद्धतीच्या मुळाशी जे होते ते आजच्या कणखरपणाच्या बाजारात नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षेची फी भरून नवा पट्टा, कवेलू फोडणाऱ्या पाच वर्षांच्या पोराचा व्हिडिओ, आणि कडेला उभा राहून 'मार त्याला' म्हणून ओरडणारा बाप. या बापाने माती उकरलेली नाही. तो पोराच्या हाताखाली कधी पडलेला नाही.

आता इतिहासाकडे वळतो, कारण आमच्या वाचकांपैकी काहींना व्यक्तिगत अनुभवाचा पुरावा अपुरा वाटेल. कुस्तीला आश्रय देणाऱ्यांत राजर्षी शाहू महाराजांहून मोठे नाव महाराष्ट्राला ठाऊक नाही. स्वतः मल्लविद्येचे शौकीन, धिप्पाड देहाचे. १९०२ च्या युरोप दौऱ्यानंतर रोमच्या धर्तीवर मैदानाची कल्पना मनात धरून त्यांनी उभारलेले खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले. बलदंडपणाचे याहून मोठे प्रतीक कोणते? या माणसाचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, १९१८ च्या जूनमध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून झालेल्या अपघातात गेला. आघाताने महाराज खचले, हे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. खचले हे क्रियापद त्यांच्याबाबत वापरायला चरित्रकार कचरले नाहीत, आपण कचरतो. त्या खचलेल्या बापाने पुढे काय केले? मुलाचे लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले होते. मागे राहिलेली सून, इंदुमतीदेवी, बारा वर्षांच्या आसपासची. तिचे पुढचे आयुष्य रिवाजाने ठरून गेलेले होते. महाराजांनी ते मोडले. सोनतळीला तिच्या शिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था केली, शिक्षक नेमले, वेगवेगळ्या जातींच्या मुली सोबतीला ठेवल्या. घरातून, दरबारातून विरोध होता, तो सोसला. १९२२ मध्ये ते स्वतः गेले. सुरू केलेले शिक्षण थांबले नाही. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणासाठी काम केले.

शोकाला सूडाखेरीज दुसरा आकार देता येतो, याचा हा पुरावा आहे. मराठी इतिहासात त्याला जोड आहे. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले, तेव्हा मल्हाररावांनी सती जाऊ पाहणाऱ्या अहिल्याबाईंना थांबवले आणि कारभारात घातले. दोघेही लढवय्ये घराण्यांचे धनी. दोघांनीही मुलगा गमावल्यावर मागे उरलेल्या मुलीसाठी माती मऊ केली. या कथा आपण राज्यकर्त्यांच्या दूरदृष्टीच्या म्हणून सांगतो. त्या शोकाकुल बापांच्या कथा आहेत, हे सांगायला विसरतो.

आणि आमच्या शहराला तर दूर जाण्याचे कारणच नाही. इथल्या नागसेनवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद या नावाने मराठवाड्याच्या शिक्षणाचे एक दार झाले. त्या आवारातून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की या माणसाने आपली चार अपत्ये, तीन मुलगे आणि एक मुलगी, गमावली होती? शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. त्यानंतर महिनाभराने दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख झाकलेले नाही. या धक्क्यातून आपण सावरल्याचे भासवणे ढोंग ठरेल, अशा आशयाचे ते लिहितात. आयुष्याची चव गेल्याचे लिहितात. हे पत्र लिहिणाऱ्या बापाने पुढच्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला. त्या दोन घटनांमध्ये फार तर आठ महिने आहेत. जे म्हणतात की रडणारा पुरुष लढू शकत नाही, त्यांनी ही दोन पाने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

बंगालकडे पाहिले तरी हेच दिसते. लहानपणी पहाटे मल्लाकडून कुस्ती शिकलेल्या रवींद्रनाथांनी १९०७ मध्ये आपला धाकटा मुलगा शमींद्र कॉलऱ्याने गमावला. त्याआधी पत्नी आणि एक मुलगी गेलेली होती. त्याच रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये जपानहून ताकागाकी नावाचे जूदोशिक्षक शांतिनिकेतनात आणले आणि मुलींनाही ती विद्या खुली केली. कोमलता आणि बळ यांचे भांडण त्यांना दिसले नाही. आपल्याला ते कुठून दिसू लागले?

कदाचित इथे, आमच्या मातीत, त्याची किंमत सर्वांत जास्त मोजली गेली आहे. माझ्या वर्गात पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्यांतून मुले येतात. दरवर्षी मी त्यांना वडिलांवर लिहायला सांगतो. बहुतेकांच्या निबंधात एक वाक्य ठरलेले असते: मी माझ्या वडिलांना कधी रडताना पाहिले नाही. ते अभिमानाने लिहिलेले असते. आणि काही वर्षी त्या गठ्ठ्यात एक-दोन निबंध असे निघतात की, ज्यांत पुढचे वाक्य भूतकाळात जाते. मराठवाड्यात दरवर्षी शेकडो शेतकरी स्वतःला संपवतात. कर्ज, दुष्काळ, गारपीट, पडलेले भाव ही त्याची कारणे आहेत, आणि कोणी ती कारणे सोडून मनाच्या दुबळेपणावर बोलू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. कर्जाचे उत्तर अश्रू नव्हे. परंतु त्या शेवटच्या रात्री घरात माणसे होती, बायको होती, मोठी होत असलेली मुले होती, आणि त्या माणसाला दोनदा थाप मारून 'पुरे' म्हणता आले नाही, हेही खरे आहे. कारण बापाने तसे म्हणायचे नसते, हे त्याला आम्ही शिकवले होते. ज्या मौनाचा गौरव करून व्याख्याने रंगतात, ते मौन आमच्या जिल्ह्यात प्राणघातक आहे. अशा ठिकाणी 'बाप आतल्या आत जळतो' या वाक्यावर टाळी वाजवणे मला अश्लील वाटते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की, मग बापाने मुलांपुढे रडत बसावे काय? नाही. पडणे आणि लोळत राहणे यांत फरक आहे. उकेमीचा अर्धा भाग पडण्याचा आहे, उरलेला अर्धा उठून उभे राहण्याचा. मुलाने दोन्ही पाहिले पाहिजे. द्रोणाने शस्त्र ठेवले ते कायमचे; त्याचा आदर्श मी सांगत नाही. मुलांवर आपले दुःख पेलण्याचा भार टाकणे म्हणजे चाळीस वर्षांच्या माणसाची सहा वर्षांच्या पोराशी जोड लावणे होय. वस्ताद तसे करत नाही. मुलांना दिसावे ते इतकेच की बाबा पडले, त्यांना लागले, ते उठले, आणि पडताना त्यांनी कोणाला मारले नाही.

दुसरा आक्षेप असा की, जग कठोर आहे, मुलांना तयारी हवी. मान्य. म्हणूनच तर मी मुलाला चटईवरून काढून घेतले नाही. मुलीलाही तिथे घातले. तिला धरता येते, सोडवून घेता येते, ओरडता येते, याचा मला आनंद आहे. वाद तयारी असावी की नसावी याचा नाही, तिच्या क्रमाचा आहे. आधी पडणे, मग थाप, मग डाव. आपण डावापासून सुरुवात करतो आणि पहिल्याच पडण्याला मूल मोडले की मुलांची पिढी नाजूक असल्याचा निर्वाळा देतो.

तिसरा आक्षेप आमच्या वडिलांच्या पिढीचा. आम्ही काय चुकीचे होतो? नव्हता. तुमच्याकडे रडायला वेळ नव्हता, जागा नव्हती. दोन खोल्यांत अकरा माणसे असताना शोकालाही रांगेत उभे राहावे लागते. तुमचे मौन गरजेपोटी होते. पुढच्या पिढीने त्या गरजेचे तत्त्वज्ञान केले, आणि आता त्या तत्त्वज्ञानाला मानधन मिळते, एवढेच.

मुलगा शेवटी रडला तो आठव्या महिन्यात. घरात काही विशेष घडले नव्हते. वरणाला फोडणी देताना माझ्या हातून हिंगाची डबी पडली. ती डबी तिची होती, झाकणावर तिने नखाने खूण केलेली. मी ओट्याला टेकून उभा राहिलो आणि या वेळी नळ सोडायचे सुचले नाही. मुलगा दारात होता. काही बोलला नाही. जवळ आला आणि माझ्या पाठीवर तळहाताने दोनदा थाप मारली. वर्गात शिकलेला नियम तो माझ्यावर वापरत होता. ज्या कशाने मला धरले होते त्याला तो सोड म्हणत होता. मी खाली बसलो. मग तो रडला. खूप वेळ. वरण करपले. त्या रात्रीपासून त्याने बहिणीवर हात उगारला नाही असे म्हणेन तर ते खोटे होईल; भाऊ-बहीण आहेत, भांडतात. पण भिंतीवर डोके आपटणे थांबले. हनुवटी छातीला टेकवायची असते, हे त्याला आता ठाऊक होते.

'श्यामची आई' पुन्हा वाचताना मला पोहण्याचा प्रसंग नव्याने दिसला. भिऊन माळ्यावर लपलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते; तो पोहायला लागतो. हा भाग सर्वांना पाठ असतो, कणखर संगोपनाचा दाखला म्हणून तो सांगितलाही जातो. परंतु दुपारी तीच आई त्याच्या अंगावरचे वळ पाहून कळवळते, हे सांगायचे राहून जाते. साने गुरुजींनी दोन्ही लिहिले होते. आपण अर्धे वाचले.

पुढच्या वेळी कोणी 'बाप' या विषयावर बोलायला उभा राहिला आणि मन दगडाचे करा म्हणाला, तर सभागृहातल्या एखाद्या बापाने उठून साधा प्रश्न विचारावा: महाशय, आपल्याला पडता येते का? येत असेल तर आधी ते शिकवा. बाकीचे डाव मुले आपापली शिकतील.

असो. उद्या पहाटे वर्ग आहे. मुलीचा पांढरा पोशाख अजून वाळायचा आहे.